वाफ पाच मिनिटं, हात बारा मिनिटं

प्रश्न: पार्लरसारखं फेशियल घरीच करावं आणि जरा निवांत व्हावं म्हणून रविवारी दुपारी बसले. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर डोक्यावरून टॉवेल घेऊन पंधरा मिनिटं वाफ घेतली. अक्रोडाच्या टरफलाच्या स्क्रबनं नाक आणि गाल चांगले घासले, नाकावरचे ब्लॅकहेड्स दाबून काढले. मग मुलतानी माती, मध आणि लिंबाचा पॅक तडे जाईपर्यंत ठेवला. तासाभरात गाल लालबुंद झाले आणि मंगळवारी हनुवटीवर बारीक पुरळ आलं. निवांतपणा तर औषधालाही नव्हता, दर पाच मिनिटांनी काहीतरी आणायला उठत होते. पुढच्या महिन्यात घरात समारंभ आहे. त्याआधी एकदा नीट करायचं आहे. क्रम, वेळ, प्रमाण सगळं सांगा. ६८ वर्षांच्या आईलाही करून द्यायची इच्छा आहे. ती रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेते. चालेल का?
– लाल गालांची

उत्तर: आधी गालांचं बघू, फेशियल नंतर.

तुम्ही केलेलं एकेक काम वेगवेगळ्या दिवशी केलं असतं, तर त्वचेनं बहुधा निभावून नेलं असतं. एकाच बैठकीत सगळं, आणि तेही प्रत्येक जरा जास्तच, इथे बिघडलं. त्वचेचा सगळ्यात वरचा, राखण करणारा थर जेमतेम १० ते २० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे फार तर मिलिमीटरचा पन्नासावा भाग. पंधरा मिनिटांच्या वाफेनं तो फुगून मऊ पडला. त्यावर अक्रोडाचे कण फिरले. ते बारीक असले तरी गोल नसतात, त्यांना कडा असतात, त्यामुळे डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात. त्या ओरखड्यांवर तुम्ही लिंबू लावलंत. त्वचेचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५ च्या आसपास असतो, लिंबाच्या रसाचा २ ते २.५. या मोजपट्टीवर एका आकड्याचा फरक म्हणजे दहापट, त्यामुळे रस त्वचेपेक्षा कित्येक शे पटींनी आम्ल. वरून माती सुकत गेली आणि तिनं उरलासुरला ओलावाही ओढून घेतला. गाल लाल झाले नसते तरच नवल.

लिंबाबद्दल आणखी एक. लिंबूवर्गीय फळांच्या सालीत आणि रसात असे घटक असतात की ते त्वचेवर राहिले आणि त्यावर ऊन पडलं तर भाजल्यासारखा चट्टा उठतो आणि मागे राहिलेला काळा डाग कधी कधी महिनोन्‌महिने जात नाही. तेव्हा चेहऱ्याच्या कुठल्याही पॅकमध्ये लिंबू नको, थेंबभरसुद्धा नको. खाण्याचा सोडाही नको, तो दुसऱ्या टोकाला, पीएच ८ च्या वर नेतो.

मंगळवारच्या पुरळाबद्दल कुणीतरी तुम्हाला सांगेल की ‘आतली घाण बाहेर पडतेय, चांगलंच आहे’. तसं काही नसतं. खरा पिंपल त्वचेच्या आत तयार व्हायला आठवडे लागतात. फेशियलनंतर दोनतीन दिवसांत उठलेलं बारीक, सारखं दिसणारं पुरळ म्हणजे बहुतेक वेळा चिडलेली त्वचा, नाहीतर केसांच्या मुळांना झालेला किरकोळ संसर्ग. तो बोटांवरून, वापरलेल्या टॉवेलवरून किंवा दाबून फोडलेल्या ब्लॅकहेडवरून पसरतो.

लाली आणि चुरचुर असेपर्यंत चेहऱ्याला तीनच गोष्टी लावा: बिनवासाचा सौम्य फेसवॉश (तोही रात्री एकदाच, सकाळी नुसतं पाणी), बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन. जिथे फार ओढतंय तिथे रात्री पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात. व्हिटॅमिन सी, रेटिनॉल, ॲसिडवालं सीरम हे सगळं कपाटात. चार-पाच दिवसांत फरक दिसायला हवा. पाणी भरलेले फोड आले, डोळ्यांभोवती सूज आली, पू झाला किंवा जळजळ कमी व्हायच्या ऐवजी वाढली तर घरगुती काही लावत न बसता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

आता पुढचं फेशियल. आमचं सरळ मत असं, की घरच्या फेशियलमध्ये मन लावून करावं असं एकच काम आहे, ते म्हणजे मसाज. बाकीचं सगळं त्याच्या आगेमागे, थोडक्यात उरकायचं. लोक नेमकं उलटं करतात. वाफ, स्क्रब आणि पॅक यांना पाऊण तास आणि मसाजला दोन मिनिटं. निवांतपणा मिळतो तो उबेतून, हातांतून आणि स्वस्थ पडून राहण्यातून, घासण्यातून नाही.

दर पाच मिनिटांनी उठावं लागलं, कारण तयारी आधी केली नव्हती. दहा मिनिटं त्यासाठीच ठेवा. लागणाऱ्या वस्तू फार नाहीत: चार छोटे सुती नॅपकिन, एक मोठा टॉवेल उशीवर घालायला, केस मागे बांधायला पट्टी, दोन वाट्या, तेलाची बाटली, मॉइश्चरायझर आणि दोन पसरट भांडी, एक गरम पाण्याला, एक गार पाण्याला. गरम पाणी थर्मासमध्ये भरून जवळ ठेवा, म्हणजे ते तासभर टिकतं आणि ओट्यापर्यंत जावं लागत नाही. सगळं हाताच्या अंतरावर, जमिनीवर किंवा बाजूच्या स्टुलावर मांडा. पॅक भिजवायला सोपा असला तरी त्याची कोरडी सामग्री आधीच वाटीत मोजून ठेवा. नखं कापा, अंगठ्या काढा, हात साबणानं धुवा. फोन दुसऱ्या खोलीत. खोली गार असेल तर अंगावर पांघरूण घ्या, थंडी वाजत असली की खांदे आक्रसतात आणि मसाज वाया जातो. गुडघ्यांखाली एक उशी सरकवली की कंबर सैल पडते.

वेळ रात्रीची, झोपायच्या तासभर आधी. नंतर बाहेर जाणं, ऊन, व्यायाम, मेकअप काही नको.

पहिलं काम चेहरा धुणं. मेकअप किंवा सनस्क्रीन असेल तर आधी कोरड्या चेहऱ्यावर क्लेन्झिंग बाम किंवा क्लेन्झिंग ऑइल मिनिटभर फिरवा, ओल्या हातानं ते दुधाळ करा आणि कोमट पाण्यानं काढा. मग फेसवॉश, हरभऱ्याएवढा, अर्धा मिनिट. मेकअप नसेल तर नुसता फेसवॉश पुरतो. पाणी गालाला ना गरम ना गार वाटेल असं. धुतल्यावर कातडी करकरीत ताणलेली वाटली तर ती स्वच्छतेची खूण नव्हे, फेसवॉश कडक आहे एवढाच त्याचा अर्थ.

स्क्रब हवाच असेल तर तो इथे, चेहरा गार असताना, वाफेच्या आधी. वाफेनंतर कधीच नाही. ओट्सचं अगदी बारीक, वस्त्रगाळ पीठ एक छोटा चमचा (५ मिली) घ्या, पाण्यानं सैल करा आणि बोटांच्या पेरांनी तीस सेकंद फिरवून धुऊन टाका. हाताला घासल्यासारखं वाटलं तर दाब जास्त झाला. लॅक्टिक किंवा ग्लायकोलिक ॲसिड वापरायची सवय असेल तर या दिवशी ते नाही. त्याची रात्र वेगळी, फेशियलच्या किमान तीन दिवस आधी. रेटिनॉलही तीन दिवस आधी बंद. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या चालू असतील तर स्क्रब, ॲसिड, वॅक्सिंग यातलं काहीच करायचं नाही. त्या काळात त्वचा नाजूक असते आणि सोलवटते.

वाफेनं रंध्रं उघडतात आणि गार पाण्यानं मिटतात, हे सगळीकडे लिहिलेलं असतं. रंध्रांना उघडझाप करायला स्नायूच नसतात. उबेनं होतं ते इतकंच, की आतलं तेल आणि वरची मृत कातडी मऊ होते, रक्तपुरवठा वाढतो आणि जबडा सैल पडतो. एवढ्यासाठी उकळतं पातेलं लागत नाही, आणि ते घरात धोक्याचंही असतं. अशी पातेली कलंडून मांड्या आणि पोट भाजतं. म्हणून आमची पसंती गरम नॅपकिनला. थर्मासमधलं पाणी भांड्यात ओता, गार पाणी मिसळून साधारण ४० अंशांवर आणा. थर्मामीटर नसला तर मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा, सुखावह ऊब वाटली पाहिजे, चटका नाही. नॅपकिन बुडवा, घट्ट पिळा, हनुवटीपासून वर गालांवर आणि मग कपाळावर घ्या, नाकपुड्या मोकळ्या ठेवा. तो मिनिटभरात गार होतो. असं तीनदा किंवा चारदा.

वाफच घ्यायची असेल तर भांडं शेगडीवरून उतरवून स्थिर टेबलावर ठेवा, दोन-तीन मिनिटं थांबा, चेहरा ३० सेंटिमीटर वर, डोळे मिटलेले, आणि पाच मिनिटांत उठा. आसपास लहान मूल असेल तर हा बेत रद्द. पाण्यात निलगिरी वगैरे तेलं टाकू नका, वाफेबरोबर ती थेट डोळ्यांत जातात. सुगंध हवा असेल तर एक थेंब उशीच्या कोपऱ्यावर ठेवलेल्या कापसाच्या बोळ्याला लावा. गालांवर बारीक लाल शिरा दिसत असतील, रोझेशिया (गाल-नाक लाल राहण्याचा त्वचाविकार), एक्झिमा किंवा वांग असेल तर वाफ अजिबात नको आणि नॅपकिनही कोमटच.

आता मसाज, बारा मिनिटं. तेल अर्धा छोटा चमचा, म्हणजे अडीच मिली, चेहरा आणि मान दोन्हींना मिळून. पिंपल्स येणाऱ्या त्वचेला जोजोबा, स्क्वालेन किंवा द्राक्षबियांचं तेल बरं, कोरड्या त्वचेला बदामाचं चालतं. खोबरेल अनेकांच्या चेहऱ्याची रंध्रं बुजवतं, तुमच्या हनुवटीचा इतिहास पाहता ते टाळा. नवं तेल असेल तर दोन दिवस आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून ठेवा. सुगंधी तेल मिसळायचंच तर १० मिली तेलात एक, फार तर दोन थेंब. लिंबू, संत्रं, बर्गामॉट यांची तेलं नकोत, कारण वर सांगितलंच. तेल तळहातांवर चोळून कोमट करा आणि आधी तळवे नुसते गालांवर टेकवा. आडवं पडा.

सुरुवात चेहऱ्यापासून नव्हे, गळ्यापासून. चेहऱ्याच्या कातडीखालचं जादा पाणी कानापुढच्या आणि जबड्याखालच्या गाठींतून मानेतून खाली उतरतं आणि गळ्याखालच्या आडव्या हाडापाशी, कॉलरबोनमागे, मोठ्या शिरेत मिळतं. म्हणून आधी खालचा रस्ता मोकळा करायचा. कॉलरबोनच्या वरच्या खळग्यांत बोटं सपाट ठेवून हलकेच पाच-सहा वेळा दाबा आणि सोडा. मग कानाच्या मागून खांद्याच्या दिशेनं तळवा खाली सरकवा, दोन्ही बाजूंनी पाच-पाच वेळा. दाब इथे नावापुरता, नुसती कातडी सरकेल इतका. गळ्याच्या पुढच्या-बाजूच्या भागात, जिथे नाडी लागते, तिथे कधीही दाबायचं नाही. तिथे रक्तदाब सांभाळणारी यंत्रणा असते, दाब पडला तर चक्कर येऊ शकते.

मग हनुवटीच्या मध्यापासून कानाच्या पाळीपर्यंत, नाकाच्या बाजूनं गालाच्या हाडाखालून कानापर्यंत, आणि कपाळाच्या मध्यापासून कानशिलापर्यंत, असे तीन पट्टे. प्रत्येक सहा वेळा, एक हात फिरायला पाच सेकंद. घाई झाली की मसाजचं घासणं होतं. ‘वरच्याच दिशेनं करा, नाहीतर कातडी लोंबेल’ ही भीती मनातून काढा. पुरेसं तेल असेल तर दिशेनं काही लोंबत नाही. टाळायचं ते ताणणं. बोटापुढे कातडीची घडी उभी राहिली तर तेल कमी पडलंय, दोन थेंब वाढवा. उलट बोटं निसटत डोळ्यांकडे जायला लागली तर तेल जास्त झालंय, नॅपकिननं टिपा.

इथून पुढे खरी गंमत. वरचे-खालचे दात एकमेकांवर दाबा आणि कानाच्या पाळीच्या जरा पुढे-खाली बोट ठेवा, तिथे एक गोळा फुगतो. तो चावण्याचा स्नायू. दिवसभर दात आवळून बसणाऱ्यांचा सगळा ताण इथे साठलेला असतो. आता दात सैल सोडा, ओठ मिटलेले, दातांमध्ये थोडी फट. बोटांच्या मधल्या सांध्यांचा सपाट भाग त्या गोळ्यावर टेकवा, दाब वाढवत न्या आणि अगदी सावकाश, नाण्याएवढं वर्तुळ फिरवा. इथे कातडीवरून घसरायचं नाही, कातडी हातासोबत हलली पाहिजे आणि दाब खालच्या स्नायूवर पोचला पाहिजे. चाळीस सेकंद एका जागी, मग सांधे हळूहळू जबड्याच्या कडेपर्यंत खाली ओढा. तीन वेळा. थोडं हवंहवंसं दुखतं, ते ठीक. कानाच्या अगदी पुढे सांधा कटकट करत असेल किंवा तिथे कळ येत असेल तर त्या जागेपासून दूर राहा.

तसाच दुसरा स्नायू कानशिलाच्या वर, केसांत पसरलेला असतो. चावल्यासारखं केलंत की बोटाखाली हलतो. चार बोटं सपाट ठेवून तिथेही चाळीस सेकंद. भुवया अंगठा आणि तर्जनीत धरा, नाकाकडून बाहेर पाच ठिकाणी, दर ठिकाणी तीन सेकंद चिमटीत दाबून सोडा. डोळ्यांभोवती अनामिका, कारण त्या बोटाला जोर कमी. डोळ्याखालच्या हाडावरून बाहेरून आत आणि भुवईखालून आतून बाहेर, पापणीला हात न लावता, पाच फेऱ्या. कपाळावर दोन्ही तळवे आळीपाळीनं भुवईपासून केसांपर्यंत.

शेवट डोक्याखाली. मानेच्या मागे, कवटी जिथे संपते तिथे मणक्याच्या दोन्ही बाजूंना दोन खळगे आहेत. अंगठे त्यात ठेवा आणि काही करू नका. डोक्याचं वजनच अंगठ्यांवर येऊ द्या. अर्धा मिनिट. मग डोक्याची कातडी बोटांनी धरून हलवा, केसांतून बोटं न घासता. दोन्ही तळवे डोळ्यांवर अलगद झाका, चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, असे दहा श्वास.

या मसाजनं सकाळची सूज उतरते आणि चेहरा काही तास टवटवीत दिसतो. जबड्याचा ताण जाणवण्याइतका कमी होतो. गाल बारीक होणं, सुरकुत्या जाणं वगैरे जाहिरातीतली कामं तो करत नाही. जेड रोलर हौसेला ठीक, हातापेक्षा तो जास्त काही देत नाही.

तेल कोमट ओल्या नॅपकिननं टिपा आणि एकदा सौम्य फेसवॉश लावा. तेलाचा थर राहिला तर पॅक नीट बसत नाही.

पॅक एकच सगळीकडे लावायचा असा नियम नाही. कपाळ, नाक, हनुवटी तेलकट असते, तिथे माती. तुमच्या गालांना माती नकोच. मातीसाठी दोन छोटे चमचे मुलतानी माती किंवा केओलिन (पांढरी माती), दीड ते दोन चमचे पाणी, पाव चमचा ग्लिसरीन. दह्याइतकं घट्ट झालं पाहिजे. पातळ झालं तर ओघळतं आणि कडेनं आधी सुकतं. गालांसाठी एक मोठा चमचा (१५ मिली) ओट्सचं पीठ, दीड मोठा चमचा कोमट पाणी, अर्धा छोटा चमचा मध. पाच मिनिटं भिजू दिलं की ते चिकटसर होतं. परागकणांची किंवा मधमाशीच्या पदार्थांची ॲलर्जी असेल तर मध वगळा. थर दोन मिलिमीटरचा, डोळे आणि ओठ यांच्याभोवती बोटभर जागा सोडून. डोळ्यांवर गार पाण्यात पिळलेला कापूस.

आठ ते दहा मिनिटं. घड्याळापेक्षा मातीकडे लक्ष द्या, म्हणजे बोट लावून बघा. कडा फिकट झाल्या, मधला भाग अजून ओला आणि बोटाला गार लागतोय, हीच काढायची वेळ. तडे जाऊ दिलेत की माती आक्रसते, कातडी ओढते आणि काढताना परत घासावं लागतं. काढायच्या आधी ओला नॅपकिन मिनिटभर पॅकवर नुसता ठेवा, तो भिजला की आपण होऊन सुटतो. उरलेला पॅक फेकून द्या. त्यात टिकवणारं काही नसतं, फ्रिजमध्येसुद्धा त्यात जंतू वाढतात. पॅक भिजवण्याइतका उत्साह नसेल तर साधा शीट मास्क पंधरा मिनिटं, तोही ओला असतानाच काढायचा.

ब्लॅकहेड्स दाबायचे नाहीत. नाकावर एकसारखे दिसणारे करडे ठिपके बहुतेक वेळा ब्लॅकहेड्स नसतातच. ती तेल बाहेर आणणारी नेहमीची व्यवस्था असते आणि दाबून रिकामी केली तरी महिन्याभरात परत भरते. ठिपके पुसट करायचे असतील तर २ टक्के सॅलिसिलिक ॲसिड आठवड्यातून दोनदा, सलग काही आठवडे. फेशियलच्या दिवशी सोडून.

चेहरा टिपून, किंचित ओला असतानाच मॉइश्चरायझर. मोजायचं कसं? तर्जनीच्या टोकापासून पहिल्या सांध्याच्या रेघेपर्यंत ट्यूबमधून काढलेली एक रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. चेहरा आणि मानेला अशा अडीच लागतात. बहुतेक लोक याच्या निम्मंच लावतात आणि क्रीमला नावं ठेवतात. त्या रात्री दुसरं सीरम नको. बर्फ घासू नका, गारवा हवा असेल तर फ्रिजमधला (फ्रीझरमधला नव्हे) चमचा डोळ्यांखाली टेकवा. उशीचा अभ्रा धुतलेला घाला. सकाळी एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन.

समारंभाचं गणित असं. गाल पूर्ण शांत झाल्यावर, समारंभाला तीन-चार आठवडे असताना एकदा हे सगळं करून बघा. काही बिघडायचं असेल तर ते तेव्हा बिघडू दे. खरं फेशियल चार-पाच दिवस आधी, त्याच तेलानं, त्याच पॅकनं. आदल्या दिवशी नवं काहीही नाही, फक्त गरम नॅपकिन आणि मसाज. थ्रेडिंग, वॅक्सिंग किंवा ब्लीच आणि फेशियल यांच्यात दोन दिवसांचं अंतर. पुढे संपूर्ण फेशियल महिन्यातून एकदा भरपूर झालं, नुसता मसाज आठवड्याला केलात तरी चालेल.

आता आई. करून द्या, पण यातलं बरंच गाळून. उतारवयात कातडी पातळ होते, आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीमुळे साध्या दाबानंही काळंनिळं पडतं. त्यामुळे सांध्यांनी दाबणं, भुवयांची चिमटी आणि स्क्रब नाही, वाफही नाही. माती नाही, ओट्सचा पॅक चालेल. गळा आणि मानेच्या बाजू पूर्ण सोडून द्या. या वयात तिथल्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असू शकतात. त्याऐवजी खांद्यांवर आणि डोक्यावर हात फिरवा. तेल तुमच्यापेक्षा थोडं जास्त, पाऊण चमचा, आणि हात फक्त सरकते. नॅपकिनची ऊब आधी तुमच्या मनगटावर, मग त्यांच्या मनगटावर तपासा, वयानं चटका उशिरा कळतो. मान मागे बेसिनवर टाकून चेहरा धुवायला लावू नका. आडवं झोपवून, मानेखाली गुंडाळलेला टॉवेल देऊन ओल्या नॅपकिननंच सगळं टिपून घ्या. झाल्यावर लगेच उठवू नका. दोन मिनिटं पलंगाच्या कडेला बसू द्या, तळपायांना तेल लागलेलं नाही ना ते बघा, आणि मग हात धरून उभं करा.